हार्नेस रेसिंग: घोड्याला धड सुरुवातच मिळाली नाही, तर तिकिटाचे पैसे परत का नाहीत?

चौथा_टर्न (धागाकर्ता)

न्यू जर्सीतलं मेडोलँड्स आणि टोरांटोजवळ मिल्टनमधलं वुडबाईन मोहॉक पार्क ही दोन्ही रेसकोर्सं मराठी वस्तीपासून फार लांब नाहीत. इथले बरेच सभासद तिथे किंवा ऑनलाइन तिकीट लावतात, म्हणून हा विषय एकदा नीट मांडतो.

नव्यांसाठी थोडक्यात: यात जॉकी घोड्यावर बसत नाही. घोडा सल्कीला, म्हणजे दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेला असतो आणि ड्रायव्हर मागे बसतो. ट्रॉटर दुडकीत पळतो, पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. चौखूर उधळायला बंदी. उधळला की चाल मोडली, आणि ड्रायव्हरने त्याला ओढून पुन्हा चालीवर आणायचं. सुरुवात चालत्या मोटारीमागून होते. मोटारीला दोन्ही बाजूंना लांब पंख असतात, घोडे त्यामागे रांगेत पळतात, सुरुवातीच्या रेषेवर मोटार वेग वाढवून पंख मिटत निघून जाते.

आता मुद्दा. समजा तुमचा घोडा मोटारीमागेच, रेषेच्या बराच अलीकडे, चाल मोडून शंभर-दोनशे फूट मागे पडला. शर्यत सुटते. तुमचा घोडा स्पर्धेत कधी आलाच नाही, पण तिकीट गेलं. यूएस ट्रॉटिंग असोसिएशनच्या नियमावलीत सुरुवात रद्द करून घोडे परत बोलवायची कारणं मोजून दिली आहेत: घोडा मोटारीच्या पुढे गेला, सुरुवातीआधी अडथळा झाला, सामान तुटलं, घोडा पडला, मोटारीचा पंख बिघडला, घोडा चुकीच्या जागी आला. चाल मोडलेल्या घोड्यासाठी मात्र परत बोलावणं नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

ऑन्टारियोत यावर तोडगा आहे: फेअर स्टार्ट पोल. सुरुवातीच्या रेषेच्या सुमारे २०० फूट अलीकडे एक खांब असतो. स्टार्टरने घोडे सोडले त्या क्षणी जो घोडा त्या खांबापर्यंत पोचलेला नसेल, त्याला योग्य सुरुवात मिळाली नाही असं धरून त्याच्यावरचे पैसे परत करतात. शर्यत चालू राहते, फक्त पैसे परत. अमेरिकेत मात्र राज्यागणिक नियम वेगळा आहे. माझं म्हणणं असं की ज्या ज्या राज्यात हा खांब नाही, तिथे तो यावा म्हणून आपण लेखी मागणी केली पाहिजे. मसुदा करायला मदत हवी आहे.

पंखामागून

धागा आवडला. रिकॉल, म्हणजे घोडे परत बोलावणं, का देत नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं, नाहीतर राज्याच्या रेसिंग आयोगासमोर पहिल्याच प्रश्नाला अडकायला होईल.

मोटारीचा वेग नियमाने ठरलेला असतो. पहिल्या अष्टमांश मैलात किमान ताशी ११ मैल, पुढच्या सोळाव्या भागात किमान १८, आणि मग रेषेपर्यंत हळूहळू वाढवत नेऊन पूर्ण वेग. म्हणजे घोडे रेषेवर पोचतात तेव्हा त्यांचा जोर लागलेला असतो. एका घोड्याने चाल मोडली म्हणून आठ-नऊ घोड्यांना थांबवून, वळवून पुन्हा आणलं, तर जे बिचारे नीट आले होते त्यांचीच शक्ती जाते. दोन वेळा परत बोलावलं की ट्रॉटर आणखी बिथरतात. म्हणून स्टार्टर सगळ्यांना चालीवर सोडायचा प्रयत्न करतो, पण मोडलेल्यासाठी थांबत नाही. हे घोड्यांच्या दृष्टीने बरोबर आहे.

चूक इथे आहे की शर्यत पुन्हा न घेण्याचा निर्णय आणि पैसे परत न करण्याचा निर्णय एकत्र बांधले आहेत. ते दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला ट्रॅकवरचा, दुसरा पूलमधला, म्हणजे तिकिटांच्या एकत्र जमलेल्या पैशांतला. अर्जात हे वाक्य अगदी वर हवं.

आणखी एक: रेषा ओलांडल्यावर मोडलेली चाल हा शर्यतीचा भाग आहे, तिथे परतावा मागू नये. तिथे ड्रायव्हरवर तीन बंधनं आहेत: जागा असेल तर बाहेर घ्यायचं, चालीवर आणायचा खरा प्रयत्न करायचा, आणि मोडलेल्या चालीत असताना अंतर गमवायचं. अंतिम रेषेवर घोडा मोडलेल्या चालीत असेल आणि चालीवर असलेल्या घोड्याचं नाक त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला लागलेलं असेल, तर त्याला खाली टाकतात. हे नियम बरे आहेत, त्यांना हात लावायचं कारण नाही.

आकडेमोड

मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. परतावा दिला की बाकीच्यांचं काय होतं, ते बघा.

विन पूल (पहिल्या येणाऱ्या घोड्यासाठी जमलेले पैसे) १०,००० डॉलर, टेकआउट (ट्रॅकची कपात) १७ टक्के धरू. वाटायला उरले ८,३००. फेवरिटवर, म्हणजे सर्वांत जास्त पैसे लागलेल्या घोड्यावर, ४,५०० आहेत. तुम्ही ज्या घोड्यावर लावलंत त्याच्यावर १,५००. तुमचा घोडा जिंकला तर ८,३०० भागिले १,५०० म्हणजे डॉलरला ५.५३. दोन डॉलरच्या तिकिटाला ११.०६, खाली गोल करून ११.००. बोर्डावर ९-२ (दोन डॉलरला नऊ नफा) दिसत होतं, ते जुळलं.

आता फेवरिटने मोटारीमागे चाल मोडली आणि त्याचे ४,५०० परत गेले. पूल राहिला ५,५००. टेकआउट वजा जाता ४,५६५. भागिले १,५०० म्हणजे ३.०४. तिकिटाला ६.००. म्हणजे ९-२ बघून लावलेल्या माणसाला २-१ मिळाले, आणि तेही शर्यत सुटल्यावर कळलं. त्याने काय चूक केली?

मी परताव्याच्या विरोधात नाही. पण "यात कोणाचंच नुकसान नाही" असं अर्जात लिहू नका. ते खोटं ठरेल आणि बाकीच्या मुद्द्यांचंही वजन जाईल.

चौथा_टर्न

आकडेमोड, हिशोब अगदी बरोबर आहे आणि तो तसाच्या तसा अर्जात जोडणार. माझं उत्तर असं: ११.०० मधले पाच डॉलर फेवरिटच्या मागे असलेल्या लोकांच्या पैशांतून आले असते, आणि त्या लोकांचा घोडा शर्यतीत नव्हताच. शिवाय ९-२ हा भाव फेवरिट पळणार हे धरून बनला होता. तो गेल्यावर तुमच्या घोड्याची शक्यता वाढली, म्हणजे भाव उतरणं हे न्याय्यच आहे. शर्यतीच्या पाच मिनिटं आधी फेवरिट काढला असता तरी नेमकं हेच झालं असतं, आणि त्यावर कोणी तक्रार करत नाही.

विरोध खरा येतो तो ट्रॅककडून. परत गेलेल्या ४,५०० वर त्यांना १७ टक्के मिळत नाहीत, म्हणजे एका पूलमागे ७६५ डॉलर गेले. एक्झॅक्टा, ट्रायफेक्टा (पहिले दोन किंवा तीन घोडे क्रमाने ओळखायचे खेळ) यांमधले वेगळे. त्या ७६५ मधला वाटा घोडेमालकांच्या बक्षिसातही जातो, म्हणून त्यांची संघटनाही नाखूश असते. त्यांना आधीच भेटून ठेवावं लागेल.

मिल्टनकर

ऑन्टारियोच्या खांबाची एक बाजू इथे आली नाही. २०० फूट हे अंतर खेळणाऱ्यांना तितकंसं उदार नाही. ताशी ३० मैल म्हणजे सेकंदाला ४४ फूट. २०० फूट म्हणजे साडेचार सेकंद. मैलाची शर्यत एक मिनिट पन्नास-पंचावन्न सेकंदांत संपते, तिथे साडेचार सेकंद म्हणजे वीसहून जास्त घोडा-लांबी. जो घोडा १५० फूट मागे आहे तोही संपलेलाच असतो, पण तो खांब ओलांडून आलेला असल्यामुळे त्याच्यावरचे पैसे गेले. नवी मागणी करताना २०० हाच आकडा उचलायची गरज नाही. अंतर कमी मागता येईल. मात्र फार कमी केलं तर बाहेरच्या पोस्टवरून (सुरुवातीच्या जागेवरून) आणि मागच्या रांगेतून सुटणारे घोडे उगाच त्यात सापडतात. दुसऱ्या रांगेचे घोडे मुळात मागेच असतात, त्यांच्यासाठी वेगळं वाक्य लागेल.

दुसरं, पुराव्याचं. नेहमीच्या फिरत्या कॅमेऱ्यातून खांबाजवळचं अंतर अजिबात कळत नाही, कोन फसवतो. खांबाच्या रेषेत रोखलेला स्थिर कॅमेरा आणि स्टार्टरच्या "गो"ची वेळ एकाच चित्रफितीवर असायला हवी. हे नसेल तर निर्णय पंचांच्या नजरेवर जातो आणि दर वेळी वाद. नियमासोबत कॅमेरा मागा.

आणि इथे दोन वेगवेगळी दारं आहेत हे टोरांटोच्या लोकांनी लक्षात ठेवा. शर्यत कशी पळायची ते ऑन्टारियोचा अल्कोहोल अँड गेमिंग कमिशन ठरवतो (२०१६ पासून, त्याआधी रेसिंग कमिशन होतं). पैसे कसे गोळा करायचे आणि वाटायचे ते कॅनेडियन पॅरी-म्युच्युअल एजन्सी बघते, ती केंद्र सरकारची. प्रत्येक लावलेल्या डॉलरवर तिचा ०.८ टक्के कर आहे. खांबाबद्दल पहिलीकडे, परताव्याच्या हिशोबाबद्दल दुसरीकडे. चुकीच्या दारात पत्र टाकलं की "हा विषय आमच्या अखत्यारीत नाही" असं उत्तर येतं आणि महिने जातात.

उत्तरेकडचा

स्वीडनमधून. इथे ट्रॉटिंग हा जवळपास राष्ट्रीय खेळ आहे. एटीजी ही कंपनी १९७४ पासून बेटिंग चालवते, आणि सात शर्यतींचे विजेते ओळखायचा व्ही७५ हा खेळ १९९३ मध्ये सुरू झाला (२०२५ मध्ये त्याची जागा व्ही८५ ने घेतली). त्यातला एक नियम तुम्हाला थेट उपयोगी पडेल.

अमेरिकेत पिक ४ (एका तिकिटावर चार शर्यतींचे विजेते ओळखायचा खेळ) मधला तुमचा घोडा काढला गेला, किंवा फेअर स्टार्टमध्ये बाद झाला, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी विन पूलमधला फेवरिट तुमच्या माथी मारतात. तुम्ही त्या शर्यतीत फेवरिटला मुद्दाम वगळलं असेल तरीही. आणि फेवरिट आधीच तुमच्या तिकिटावर असेल, तर तुमच्याकडे एकच जोड दोनदा होते. पैसे दोन घोड्यांचे गेले, राहिला एक.

इथल्या अशा खेळांत तिकीट भरतानाच प्रत्येक शर्यतीसाठी राखीव घोडे निवडता येतात, पहिला राखीव आणि दुसरा राखीव. तुमचा घोडा निघाला तर पहिला राखीव येतो, तोही निघाला तर दुसरा. काहीच भरलं नसेल तर तुमच्या तिकिटावर नसलेल्यांपैकी सर्वांत जास्त खेळला गेलेला घोडा येतो. "तिकिटावर नसलेल्यांपैकी" हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यामुळे दुहेरी जोड होत नाही.

यात तांत्रिक अडचण काही नाही. तिकिटाच्या नोंदीत शर्यतीमागे दोन जागा वाढतात, एवढंच. सॉफ्टवेअर बदलायचा खर्च टोट (बेटिंगचा हिशोब ठेवणारी यंत्रणा) चालवणारी कंपनी पुढे करेल. तेव्हा सांगा की इथे अर्ध्या क्रोनाच्या ओळीवरही हे चालतं.

माहितीच्या बाबतीतही इथे चांगलं आहे. घोडा नाल काढून पळणार की नालासकट, हे बेटिंग बंद होण्याआधी जाहीर होतं. अनवाणी घोडा हलका पळतो, त्यामुळे भाव बदलतो. (हिवाळ्यात, १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर, अनवाणी पळवायला बंदीच आहे.) फ्रान्समध्येही कार्यक्रमपत्रिकेत चारही नाल काढले की फक्त पुढचे-मागचे, ते छापतात. तबेल्यातल्या माणसाला जे माहीत आहे ते खिडकीवरच्या माणसालाही माहीत असावं, ही साधी मागणी तुमच्या अर्जात बसू शकते.

आकडेमोड

राखीव घोड्याची कल्पना खांबाहून आधी मान्य होईल असं वाटतं, कारण त्यात ट्रॅकचा एक पैसा जात नाही.

ब्रेकेजबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वरच्या उदाहरणात ११.०६ चे ११.०० झाले, ते सहा सेंट कुठे गेले? डॉलरमागे दहा सेंटच्या पटीत खाली गोल करायची जुनी पद्धत, म्हणजे दोन डॉलरच्या तिकिटाला २० सेंटच्या पायऱ्या. कमी भावाच्या घोड्यावर हे फार लागतं. तोच १०,००० चा पूल, जिंकणाऱ्यावर ६,५०० आहेत. ८,३०० भागिले ६,५०० म्हणजे १.२७६९. दोन डॉलरला २.५५ व्हायला हवेत, मिळतात २.४०. ३,२५० तिकिटं गुणिले २.४० म्हणजे ७,८००. पूलमधले ५०० डॉलर वाटलेच गेले नाहीत. टेकआउट १७ टक्के छापलेलं, प्रत्यक्षात २२ टक्के. हार्नेसमध्ये घोडे कमी आणि फेवरिट तगडे, म्हणून हा मार दर रात्री बसतो.

कॅनडात पाच सेंटच्या पटीत गोल करतात, तिथे २.५० मिळाले असते. केंटकीने २०२२ मध्ये कायदा करून डॉलरमागे एका सेंटपर्यंत आणलं, तिथे २.५४. केंटकीतलं हार्नेसचं जुनं रेसकोर्स म्हणजे लेक्सिंग्टनचं रेड माईल, १८७५ पासूनचं. गोल करायची ही पद्धत रोख खिडकीवर चिल्लर मोजायच्या काळातली आहे. आता बहुतेक पैसा ऑनलाइन खात्यांतून येतो, तिथे चिल्लर लागत नाही.

खिडकी_क्रमांक_७

सगळ्यांत जास्त चीड येते ती शेवटच्या क्षणी पडणाऱ्या भावाची. शर्यत सुटते तेव्हा घोडा ९-२, पहिल्या वळणावर ९-५. लोक म्हणतात सुटल्यावर कोणीतरी पैसे लावले. तसं असतं का?

आकडेमोड

बहुतेक वेळा नाही. सुटताना बेटिंग बंद होतं, पण वेगवेगळ्या राज्यांतल्या, देशांतल्या टोटमधले आकडे यजमान ट्रॅकच्या पूलमध्ये जुळून बोर्डावर यायला वेळ लागतो. शेवटची जुळणी घोडे पळत असताना दिसते.

किती फरक पडतो ते बघा. पूल १०,०००, तुमच्या घोड्यावर १,५००, भाव ९-२. शेवटच्या काही सेकंदांत एका मोठ्या खेळाडूच्या संगणकाने त्याच घोड्यावर २,००० टाकले. पूल १२,०००, वाटायला ९,९६०, घोड्यावर ३,५००. डॉलरला २.८५, तिकिटाला ५.६०. तेच ९-५. हार्नेसचे पूल लहान, म्हणून दोन हजार डॉलरसुद्धा भाव अर्ध्यावर आणतात.

हे संगणकवाले शेवटच्या क्षणापर्यंत पूल वाचतात, भाव चुकलेला दिसला की शेकडो जोड एकदम पाठवतात, आणि मोठ्या उलाढालीबद्दल त्यांना टेकआउटमधला हिस्सा परत मिळतो. म्हणजे खिडकीवरचा माणूस १७ टक्के भरून ज्याच्याशी खेळतोय, तो बराच कमी भरतो. अन्याय इथे आहे. उपाय माहीत आहे: न्यूयॉर्क रेसिंग असोसिएशनने २०२१ मध्ये विन पूलमध्ये अशा खेळाडूंना शर्यतीच्या दोन मिनिटं आधी थांबवलं. ती थरोब्रेडची, म्हणजे जॉकी बसवून पळणाऱ्या घोड्यांची रेसकोर्सं आहेत, पण टोट तोच असतो आणि बटणही तेच.

आणि संशय निराधार आहे असंही नाही. २००२ मध्ये एका टोट कंपनीच्या प्रोग्रामरने तिकिटांत शर्यतीनंतर फेरफार केले होते. ब्रीडर्स कप या थरोब्रेड शर्यतींच्या पिक ६ मध्ये तीस लाख डॉलरच्या आसपास रक्कम अडकली म्हणून ते उघड झालं. त्याआधी काही आठवडे शिकागोजवळच्या बाल्मोरल पार्कमधल्या, म्हणजे हार्नेसच्या, पिक ४ वर हीच युक्ती चालवली होती. फट अशी होती की दूरच्या केंद्रातली तिकिटं सुरुवातीला यजमान ट्रॅककडे जातच नसत, फक्त एकूण रक्कम जाई. पिक ६ मध्ये चार शर्यती झाल्यावर जी तिकिटं अजून जिवंत आहेत तेवढीच पाठवली जात. मधल्या वेळात तिकीट बदलता येई. म्हणून मागणीत "प्रत्येक जोडीचा तपशील बेटिंग बंद होताच यजमान टोटकडे जावा आणि वेळेची नोंद तपासणीसाठी ठेवावी" हे वाक्य ठेवा.

पंखामागून

याला जोडून पोस्ट ड्रॅग. बोर्डावर शून्य मिनिटं दिसतात आणि घोडे अजून पाच-सहा मिनिटं फिरतच असतात, कारण पैसा शेवटी येतो आणि ट्रॅकला तो हवा असतो. यात घोड्यांचेही हाल होतात. वॉर्म-अप करून तयार झालेला घोडा थंडीत फिरत राहतो, आणि बिथरट ट्रॉटर अशा वेळी मोटारीमागे चाल मोडतो. म्हणजे ज्या नुकसानीसाठी आपण खांब मागतोय, त्यातली काही ट्रॅकच्याच उशिरामुळे होते. जाहीर वेळ आणि खरी सुटायची वेळ रोज छापायला लावा. दंड नको, नुसती नोंद प्रसिद्ध होऊ द्या.

रेसकोर्स_रोड

वाचतोय. महालक्ष्मी आणि पुण्याच्या टोटवर खेळणाऱ्यांना पूलचा हिशोब ओळखीचा आहे, पण गाडीची शर्यत तिथे नाही. एक शंका: ज्याच्यावर नंतर डोपिंग सिद्ध झालं अशा घोड्यावर हरलेल्यांना पैसे मिळतात का?

पंखामागून

नाही. बोर्डावर "ऑफिशियल" लागलं की बेटिंगचा निकाल कायमचा. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे कधीतरी येतो. बक्षिसाची रक्कम दुसऱ्या मालकाला जाते, तिकीटवाल्याला काही नाही. तोवर तिकिटं वटवलेली, फाडलेली असतात. हा नियम बदलणं व्यवहारात अशक्य आहे, त्यात शक्ती घालवू नका.

करता येण्यासारखं शर्यतीआधी आहे. सोडा पाजणं हे हार्नेसमधलं जुनं दुखणं: बेकिंग सोडा, साखर, क्षार पाण्यात कालवून नाकातून नळीने पोटात. स्नायूंतलं आम्ल उशिरा साचतं, घोडा शेवटपर्यंत टिकतो. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजून हे कळतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मर्यादा लिटरला ३७ मिलिमोल, लेसिक्स (फुफ्फुसातला रक्तस्राव रोखायचं औषध) दिलेल्या घोड्याला ३९. नमुना शर्यतीआधी घेता येतो. कोणत्या रात्री किती घोड्यांचे नमुने घेतले, एवढं जरी जाहीर झालं तरी खूप.

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय वकिलांनी ट्रेनर आणि पशुवैद्यांसह सत्तावीस जणांवर आरोप ठेवले, त्यांत हार्नेसची मंडळी बरीच होती. त्यानंतर झालेला केंद्रीय कायदा मात्र थरोब्रेडला लागू झाला. हार्नेसचे स्टँडर्डब्रेड घोडे अजून राज्यांच्याच नियमांत आहेत. म्हणून राज्याचा आयोगच आपलं दार.

कलम_आणि_पोटकलम

आता रेटा कसा लावायचा ते लिहितो. मी न्यू जर्सीची पद्धत देतो, इतर राज्यांत नाव बदलेल, आकृती साधारण तशीच.

प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्याखाली कोणीही माणूस आयोगाकडे नियम करा, बदला किंवा काढा असा अर्ज देऊ शकतो. वकील लागत नाही. अर्जात चार गोष्टी हव्यात: तुमचं पूर्ण नाव-पत्ता, काय बदल हवा, का हवा, आणि आयोगाला तो बदल करायचा अधिकार कोणत्या कलमाने आहे. चौथी गोष्ट सुटली की अर्ज अपुरा म्हणून बाजूला पडतो. अर्ज पोचल्यापासून ६० दिवसांत आयोगाने मान्य, कारणांसह अमान्य, किंवा आणखी विचारासाठी राखून ठेवला, यांपैकी एक करायचं असतं. लेखी कारण मिळणं हेसुद्धा मोठं आहे. पुढच्या अर्जात त्या कारणालाच उत्तर देता येतं.

कोणती मागणी कुठे:

खांब आणि परतावा, राखीव घोडे, तिकिटांचा तपशील वेळेवर पाठवणं: आयोगाचे नियम. ब्रेकेज आणि बहुतेक ठिकाणी टेकआउटची मर्यादा: विधिमंडळाचा कायदा, आयोग काही करू शकत नाही, आमदाराकडे जावं लागतं. संगणकी खेळाडूंना आधी थांबवणं: ट्रॅक आपला सिग्नल (शर्यतींचं प्रक्षेपण आणि त्यावर बेटिंग घ्यायचा हक्क) ज्या करारांनी विकतो त्यांत घालता येतं. इथे १९७८ चा इंटरस्टेट हॉर्सरेसिंग कायदा कामाला येतो. राज्याबाहेर बेटिंग घ्यायला यजमान ट्रॅकची संमती लागते, आणि ती द्यायला ट्रॅकचा घोडेमालकांच्या संघटनेशी लेखी करार लागतो. म्हणजे संघटना अडून बसली तर ट्रॅकला ऐकावं लागतं. खेळणाऱ्यांनी आजवर या संघटनांना विरोधक मानलं, ते चुकलं. लहान खेळाडू पळाले तर पूल आटतात आणि बक्षिसं कमी होतात, हे त्यांना आकड्यांत दाखवा.

सगळ्या मागण्या एका अर्जात घालू नका. एक अर्ज, एक नियम.

संघटित दबावाने काम होतं याची दोन उदाहरणं. २०१७ च्या शरदात लेक्सिंग्टनच्या कीनलँड रेसकोर्सने टेकआउट वाढवलं, खेळाडूंनी बहिष्कार टाकला, पुढच्या वर्षी वाढीचा काही भाग मागे घेतला गेला. आणि २०१७ मध्येच अमेरिकेत जिंकलेल्या रकमेवरच्या कराचा नियम बदलला. लावलेल्या रकमेच्या ३०० पट मिळाले की करखात्याचा फॉर्म निघे, आणि पूर्वी ते फक्त जिंकलेल्या एका जोडीवरून मोजत. ५० जोड्यांचं ५० डॉलरचं पिक ४ तिकीट, मिळाले ९००: एका डॉलरवर ९०० धरून फॉर्म निघे. आता त्या पूलमधले सगळे ५० डॉलर धरतात, म्हणजे अठरा पट, फॉर्म नाही. हे झालं कारण मसुदा खुला होता तेव्हा हजारो लोकांनी लेखी सूचना पाठवल्या. नुसती सही असलेली छापील पत्रं मोजली जातात, पण वाचली जातात ती स्वतःच्या उदाहरणाची.

खिडकी_क्रमांक_७

कराचा विषय निघालाच आहे तर: २०२६ पासून अमेरिकेत हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजावट मिळते ना?

कलम_आणि_पोटकलम

हो. वर्षभरात एक लाख जिंकले आणि एक लाखच हरले, तरी दहा हजारांवर कर. तो अमेरिकन काँग्रेसचा कायदा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मिसळला तर राज्याच्या अर्जाचा मुद्दा हरवेल.

चौथा_टर्न

सर्वांचे मनापासून आभार. पहिला अर्ज फक्त परताव्याचा. कलमाचा मसुदा असा:

"सुरुवातीच्या रेषेच्या अलीकडे आयोगाने ठरवलेल्या अंतरावर खांब असेल. स्टार्टरने शर्यत सोडली त्या क्षणी जो घोडा त्या खांबापर्यंत पोचला नसेल, त्याच्यावर विन, प्लेस, शो (पहिला, पहिल्या दोनांत, पहिल्या तीनांत) आणि एकाच शर्यतीतल्या इतर पूलमध्ये लावलेली रक्कम परत केली जाईल. पंचांनी चौकशीचा फलक तत्काळ लावावा आणि निर्णय होईपर्यंत निकाल अधिकृत करू नये. दुसऱ्या रांगेतून सुटणाऱ्या घोड्यांसाठी अंतर त्यांच्या नेमलेल्या जागेपासून मोजले जाईल. खांबाच्या रेषेतील स्थिर कॅमेऱ्याचे चित्रण ९० दिवस जपले जाईल."

पिक ४ बद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही, तो राखीव घोड्यांचा दुसरा अर्ज.

मिल्टनकर

दोन भोकं आहेत. एक, जोडघोडे. एकाच मालकाचे १ आणि १-ए एकत्र लावलेले असतात. १-ए मागे राहिला आणि १ नीट सुटला, तर तिकीट १ वर जिवंत आहे, परतावा नाही, हे स्पष्ट लिहा. नाहीतर लोक दोन्हीकडून मागतील. "जोडीतला एकही घोडा खांबापर्यंत पोचला नसेल तरच" असे शब्द घाला.

दोन, पिक ४ अजिबात वगळू नका. आयोग पहिला प्रश्न तोच विचारेल. "अनेक शर्यतींच्या पूलमध्ये असा घोडा काढलेला मानून सध्याचा नियम लागू होईल" एवढं एक वाक्य पुरे. दुसरा अर्ज आला की "सध्याचा नियम" आपोआप बदलेल.

चौथा_टर्न

दोन्ही घातले. आकडेमोड, तुमचे तिन्ही हिशोब परिशिष्टात घेतोय. त्यातल्या परताव्याच्या उदाहरणात प्लेस पूलचाही एक हिशोब करून द्याल का? तिथे दोन घोड्यांत वाटणी होते, आणि फेवरिट गेला की नेमका किती फरक पडतो, ते आयोगाला लागेल.